बीला पंख कुणी लावला? – टाकळीचा दगडी शंकू आणि आपल्या रानातल्या बिया



परिसर अभ्यासात बीजप्रसाराचा पाठ आला की फळ्यावर चार मुद्दे लिहिले जातात : वारा, पाणी, प्राणी आणि फळ तडकणे. प्रत्येकाचं एक उदाहरण सांगितलं जातं, मुलं पाठ करतात, स्वाध्याय पूर्ण होतो. पण शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरच्या मुलांना यातलं बहुतेक सगळं आधीच ठाऊक असतं. रुईची म्हातारी त्यांनी फुंकून उडवलेली असते. आघाड्याच्या बिया कपड्यांवरून काढलेल्या असतात. टेटूच्या लांबलचक शेंगेची तलवार करून लढाई खेळलेली असते. मग आपल्या पाठात त्यांच्यासाठी नवीन काय?

नवीन असतो तो 'का' आणि 'कसं'चा प्रश्न. ऐनाचं पंखवालं फळ हातात दिलं की एखादं मूल हमखास विचारतं, "बाई, ह्याला पंख कुणी लावला?" यावर आपण पटकन म्हणतो, "निसर्गाने." किंवा म्हणतो, "झाडाला आपली बी लांब पाठवायची असते ना, म्हणून." ही दोन्ही उत्तरं ऐकायला बरी वाटतात, पण त्यांनी प्रश्न तिथेच संपतो. खरं उत्तर मोठं आहे, आणि त्याचा बराचसा भाग दगडात लिहिलेला आहे. त्यातला एक दगड तर आपल्या महाराष्ट्रातलाच, नागपूरजवळच्या टाकळीचा. या लेखात आपण त्या दगडापासून आपल्या रानातल्या ऐनापर्यंत येऊ, आणि शेवटी वर्गात काय करता येईल तेही पाहू.

१. आधी अडचण समजून घेऊ

झाडाला पाय नाहीत. ते जिथे रुजलं तिथेच आयुष्य काढतं. त्याच्या सगळ्या बिया बुंध्याशीच पडल्या तर काय होईल? पाऊस सुरू झाल्यावर मुलांना घेऊन एखाद्या जांभळाखाली जाऊन पाहा. जमिनीवर रोपांची दाटी झालेली दिसेल. तीच जागा डिसेंबर-जानेवारीत पुन्हा पाहा. बहुतेक रोपं गेलेली असतात. वरून आईची सावली, खाली आईचीच मुळं पाणी ओढणारी, शेजारी शंभर भावंडं, आणि एकाच जागी खाऊ मिळतो म्हणून जमलेले किडे.

म्हणजे बी नुसती तयार होऊन भागत नाही, तिला आईपासून दूर जावं लागतं. पण दूर जाण्याआधी ती पिकेपर्यंत सुरक्षितही राहायला हवी. कच्ची असताना कुणी खाल्ली तर सगळंच संपलं. हे दोन शब्द लक्षात ठेवू : सांभाळणं आणि सोडणं. बीजप्रसाराचा सगळा इतिहास म्हणजे या दोन उलट कामांची तडजोड आहे.

२. शंकू म्हणजे काय?

आपल्या रानातली जवळजवळ सगळी मोठी झाडं फुलं येणारी आहेत. त्यांची बी फळाच्या आत असते. अशा झाडांना आपण आवृत्तबीजी म्हणतो. देवदार, चीड (पाइन) ही झाडं वेगळी. त्यांना फुलं आणि फळं येत नाहीत. त्यांची बी उघड्या खवल्यावर बसलेली असते आणि असे अनेक खवले एका दांड्याभोवती रचले गेले की शंकू तयार होतो. ही झाली अनावृत्तबीजी झाडं. त्यांच्यातला सर्वांत मोठा गट म्हणजे सूचिपर्णी वृक्ष.

आपल्या शहापूर-मुरबाडच्या जंगलात एकही सूचिपर्णी झाड नैसर्गिकरीत्या वाढत नाही. बागेत किंवा शाळेच्या आवारात लावलेली मोरपंखी मात्र बहुतेकांनी पाहिलेली असते. ती सूचिपर्णीच. तिच्या चपट्या पानांत निळसर हिरवे, छोटे, शिंगं असलेले गोळे दिसतात, तेच तिचे शंकू. वाळले की ते तपकिरी होऊन उघडतात.

इथे एक सावधगिरी. कोकण किनाऱ्यावर आणि काही शाळांच्या कुंपणाला लावलेल्या सुरूच्या झाडालाही हुबेहूब छोट्या शंकूसारखी बोंडं येतात. पानंही सुईसारखी वाटतात. पण सुरू हे फुलझाडांच्या गटातलं आहे, सूचिपर्णी नाही. दोन अगदी वेगळ्या घराण्यांनी एकाच अडचणीवर सारखाच तोडगा काढला, असं याचं कारण आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

३. टाकळीचे शंकू

मुरबाडहून माळशेज किंवा नाणेघाटाकडे जाताना समोरचा डोंगर पाहा. पायऱ्या कोरल्यासारखे आडवे थर दिसतात. माहुलीच्या किल्ल्याचा काळा कातळही त्याच जातीचा. हा सगळा लाव्ह्याचा दगड, म्हणजे बेसाल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांब भेगा पडून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर बसत गेले. या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. आपल्या घाटाकडे पाहिलं की ते नाव पटतं.

पण हा लाव्हा एका दमात वाहिला नाही. दोन उद्रेकांच्या मध्ये मोठा काळ शांततेचा असायचा. थंड झालेल्या लाव्ह्यावर माती धरायची, खळग्यांत तळी साठायची, झाडं वाढायची. त्या तळ्यांत पानं, लाकडं, फळं, बिया पडायच्या. पाण्यात विरघळलेली सिलिका त्यांच्या पेशींत शिरून हळूहळू घट्ट व्हायची. मग पुढचा लाव्हा यायचा आणि सगळं झाकून टाकायचा. अशा दोन थरांमधल्या गाळाच्या खडकाला आंतर-ट्रॅपी थर म्हणतात. आपल्याकडे सह्याद्रीत लाव्ह्याचे थर एकावर एक रचून हजार मीटरच्याही वर गेले आहेत. पूर्व विदर्भात लाव्ह्याची कड येते. तिथे हे मधले थर जास्त सापडतात आणि त्यांत वनस्पतींचे जीवाश्मही भरपूर मिळतात.

नागपूरजवळचं टाकळी हे असंच एक ठिकाण. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरात राहत. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे. त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूर परिसरातले खडक आणि जीवाश्म यांची माहिती १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यामुळे टाकळीचं नाव जगभरच्या अभ्यासकांना कळलं.

टाकळीच्या दगडी शंकूंचा बारकाईने अभ्यास केला तो बिरबल साहनी यांनी. १९३१ मध्ये त्यांनी या शंकूंचं वर्णन प्रसिद्ध केलं. एका शंकूचं नाव त्यांनी 'टाकलिओस्ट्रोबस अलाटस' ठेवलं. 'स्ट्रोबस' म्हणजे शंकू, म्हणून पहिल्या शब्दाचा अर्थ झाला टाकळीचा शंकू. 'अलाटस' म्हणजे लॅटिनमध्ये पंख असलेला. दुसऱ्याचं नाव 'इंडोस्ट्रोबस बायफिडोलेपिस', म्हणजे दुभागलेल्या खवल्यांचा भारतीय शंकू. विदर्भातल्या एका गावाचं नाव असं वनस्पतिशास्त्रात कायमचं कोरलं गेलं.

शाळेसाठी आणखी एक गोष्ट. बिरबल साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा. आपण बालदिन साजरा करतो तोच दिवस. लखनौला त्यांनी पुरावनस्पतिशास्त्राची संस्था उभी केली. तिची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसवली गेली आणि त्यानंतर आठवडाभरातच, १० एप्रिलला, साहनींचं निधन झालं. ती संस्था आजही त्यांच्या नावाने काम करते. बालदिनाच्या परिपाठात पाच मिनिटं साहनींना द्यायला काहीच हरकत नाही.

आता मुलं विचारतील, "नागपूरला एवढं ऊन, तिथे देवदारासारखी झाडं कशी?" चांगला प्रश्न आहे. सूचिपर्णी म्हणजे बर्फाळ प्रदेशातलंच झाड, हा आपला समज हिमालयातल्या फोटोंमुळे झालेला आहे. अरौकारिया, कौरी अशी कितीतरी सूचिपर्णी झाडं उबदार प्रदेशात वाढतात. टाकळीचे शंकू दगड झाले तेव्हा भारत हे विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणारं एक मोठं बेट होतं. हिमालय तर अजून उभाच राहिला नव्हता! पुढे फुलझाडांचं राज्य वाढलं आणि द्वीपकल्पातून सूचिपर्णी जवळजवळ नाहीसे झाले. आज दक्षिण भारतात नैसर्गिकरीत्या वाढणारा सूचिपर्णी वृक्ष एकच उरला आहे, दक्षिण सह्याद्रीतला नागेया. त्यालाही कठीण शंकू येत नाही, गोल बी येते.

४. फांदीचा शंकू झाला

शंकू आला कुठून? सूचिपर्णी वृक्षांचे सर्वांत जुने जीवाश्म साधारण ३१ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांचे शंकू आजच्यासारखे घट्ट नव्हते, सैल आणि पानापानांचे होते. स्वीडनचे रुडॉल्फ फ्लोरिन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा जीवाश्मांची मालिका लावून दाखवली. जुन्या शंकूत प्रत्येक छोट्या पानाच्या बगलेत एक इवलीशी फांदी दिसते आणि त्या फांदीवर बिया. पुढच्या काळातल्या जीवाश्मांत ती फांदी आखूड होते, चपटी होते, तिची पानं एकमेकांना जोडली जातात. शेवटी त्या फांदीचा एक जाड खवला होतो.

म्हणजे चीडाच्या शंकूतला एकेक खवला ही मुळात एकेक आक्रसलेली फांदी आहे. नवीन वस्तू कुठून आणून बसवली गेली नाही. जी होती तीच बदलत गेली. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी होते, तसं.

५. पंखांची परीक्षा

सूचिपर्णी वृक्षांच्या आधीही बियांना पंख होते. चीनमध्ये ३६ कोटी वर्षांहून जुनी, तीन पंखांची बी सापडली आहे. पण पंखांची खरी मजेदार गोष्ट अमेरिकेतल्या टेक्सासची. तिथे साधारण २७ कोटी वर्षांपूर्वीच्या 'मॅनिफेरा' नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या बिया मिळाल्या. त्या एकसारख्या नव्हत्या! काहींना एकाच बाजूला पंख, काहींना दोन्ही बाजूंना सारखे पंख, तर काहींना एक मोठा आणि एक लहान.

कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अशा आकारांच्या प्रतिकृती तयार करून वरून सोडल्या. निकाल असा : एका पंखाची बी गरगर फिरत सर्वांत सावकाश खाली येते. दोन सारख्या पंखांची बहुधा फिरतच नाही, लवकर खाली पडते. एक मोठा, एक लहान असलेली मधली. बी जितका वेळ हवेत, तितकी वाऱ्याला तिला दूर न्यायला संधी जास्त. आजच्या पंखवाल्या सूचिपर्णी बिया पाहिल्या तर एका पंखाच्या, गरगरणाऱ्या बिया भरपूर आणि दोन सारख्या पंखांच्या बिया कमी दिसतात.

'पंख कुणी लावला' या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कुणीच लावला नाही. एकाच झाडाच्या बिया थोड्या वेगवेगळ्या असतात. कुणाच्या कडेला पातळ पापुद्रा जास्त, कुणाच्या कमी. जास्त पापुद्र्याच्या बिया थोड्या दूर पडल्या, सावलीबाहेर रुजल्या, त्यांची झाडं झाली. त्यांच्या बियांनाही तसाच पापुद्रा आला. हे लाखो पिढ्या चाललं.

आपल्या मुलांना हे समजवायला भातशेतीसारखं उदाहरण नाही. घरची मोठी माणसं कापणीच्या वेळी चांगल्या भरलेल्या लोंब्या निवडून बियाणं बाजूला ठेवतात आणि पुढच्या वर्षी तेच पेरतात. असं वर्षानुवर्षं केलं की वाण बदलत जातो. तिथे निवडणारा शेतकरी असतो. रानात निवडणारं कुणी नाही. सावली, दुष्काळ, किडे आणि वारा हेच चाळण लावतात. चाळणीतून जे उरतं, त्यालाच पुढे बिया येतात.

६. पेटी बंद, पेटी उघडी

पंख म्हणजे सोडणं. आता सांभाळण्याकडे येऊ. साधारण जुरासिक काळापासून, म्हणजे डायनासोरांच्या काळात, शंकू जाड आणि दणकट होत गेलेले दिसतात. खवले एकमेकांवर घट्ट बसू लागले. वनस्पतिशास्त्रज्ञ अँड्र्यू लेस्ली यांनी २०११ मध्ये जुन्या-नव्या शंकूंची तुलना करून याचा संबंध बिया खाणाऱ्या प्राण्यांशी आणि कीटकांशी जोडला. खाणारे वाढले तशी पेटी भक्कम झाली. अर्जेंटिनातल्या पाटागोनियात ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचं अरौकारियाचं जंगल आहे. तिथले दगड झालेले शंकू कापून घासले की आतल्या बियाही स्पष्ट दिसतात. जणू कालच बंद केलेली पेटी.

पण पेटी इतकी घट्ट केली तर बी बाहेर कशी पडणार? चीडाच्या शंकूचं उत्तर फार सुंदर आहे. त्याच्या प्रत्येक खवल्यात दोन थर असतात. बाहेरचा थर पाणी मिळालं की जास्त फुगतो, आतला तितका फुगत नाही. म्हणून ओल आली की खवला आत वाकतो आणि शंकू मिटतो. कोरडं झालं की बाहेरचा थर आक्रसतो, खवला बाहेर वळतो आणि शंकू उघडतो. पावसात ओली झालेली पंखवाली बी बुंध्याशीच पडली असती. कोरड्या हवेत ती दूर जाते. आणि या सगळ्यासाठी झाडाला काहीच करावं लागत नाही, कारण खवल्यातल्या पेशी मेलेल्या असतात. झाडावरून पडलेला शंकूही वर्षानुवर्षं उघडमीट करत राहतो.

वर्षानुवर्षं म्हणजे किती? २०१७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी एक कोटी वर्षांहून जुने, म्हणजे साधारण १ कोटी १५ लाख ते १ कोटी ६५ लाख वर्षांपूर्वीचे, कोळसा होऊ लागलेले शंकू भिजवून आणि वाळवून पाहिले. ते अजूनही हलत होते! टाकळीच्या शंकूंत सिलिका भरून त्यांचा पक्का दगड झाला, म्हणून ते हलणार नाहीत. पण आतली रचना टिकली ती त्या सिलिकेमुळेच.

७. पंख तोच, कापड वेगळं

आता आपल्या रानात येऊ. फेब्रुवारी ते एप्रिल-मे या दिवसांत शहापूर-मुरबाडच्या जंगलात मुलांना पुढच्या बिया आणि फळं सहज मिळतील.

- ऐन : फळाला लांबीच्या दिशेने पाच पंख. पंख फळाच्या सालीचे.
- वावळ : गोल, पातळ, कागदासारखं फळ, मधोमध बी. पंख इथेही फळाचाच.
- टेटू : तलवारीसारखी शेंग, आत पारदर्शक पंखाच्या पातळ बिया. इथे पंख बीच्या कवचाचा.
- कुडा : जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा, बीच्या टोकाला केसांचा झुबका.
- काटेसावर : बोंड फुटलं की कापूस. बी कापसात गुंडाळलेली.
- रुई : आपली ओळखीची म्हातारी.

चीडाच्या बीचा पंख यातल्या कशाचाच नसतो. तो खवल्याच्या वरच्या पातळ थरातून सुटून आलेला असतो. म्हणजे पंखाचं काम तेच, पण कापड प्रत्येकाचं वेगळं. कुणी फळाची साल वापरली, कुणी बीचं कवच, कुणी केस, कुणी खवल्याचा पापुद्रा. सगळ्या झाडांना एकाच ठिकाणाहून पंख मिळाले असते तर ते एकाच कापडाचे असते. ज्याच्याकडे जे होतं, त्यातूनच त्याचा पंख झाला. सुरूचं बोंड आणि खरा शंकू सारखे का दिसतात, याचंही उत्तर हेच.

अजून एक गोष्ट मुलांनाच शोधू द्या. या झाडांच्या बिया कधी सुटतात? पानं गळलेली, हवा कोरडी, वारा मोकळा, अशाच दिवसांत. शंकू कोरड्या हवेत उघडतो आणि आपली सावर शिमग्यानंतरच्या उन्हात फुटते. झाडं वेगळी, पण हवेचा नियम दोघांनाही एकच.

८. पंख सोडून दिलेले

पंख आला म्हणजे प्रगती झाली आणि गोष्ट संपली, असं मुलांना वाटू देऊ नका. हिमालयातल्या किन्नौर भागात चिलगोज्याचा पाइन आहे. सुकामेव्याच्या दुकानात मिळतो तोच चिलगोजा ही त्याची बी. ती मोठी, जड, पौष्टिक आणि पंख जवळजवळ नसलेली. वारा तिला काय नेणार? पाइनच्या अशा मोठ्या बिया पक्षी आणि खारीसारखे प्राणी नेतात, पुढच्या दिवसांसाठी पुरून ठेवतात आणि काही विसरतात. विसरलेल्या बिया रुजतात. आपल्याकडे मोह, जांभूळ, करवंद, उंबर यांचं तेच. गर खाणारं वटवाघूळ, उदमांजर, पक्षी हेच त्यांचे हमाल.

यात आपल्यासाठी एक गंभीर गोष्ट आहे. वाऱ्यावर जाणाऱ्या बीला वारा मिळेलच. पण पक्ष्या-प्राण्यांवर अवलंबून असलेल्या बीचं काय? रानातले पक्षी, वटवाघळं, उदमांजरं कमी झाली तर जांभळाला फळं लागतील, पण बिया बुंध्याशीच सडतील. उन्हाळ्यात वणवा लागला तर नुकत्याच खाली पडलेल्या ऐन-सावरीच्या बियाही जळतात. बी दूर पोचण्याची सोय व्हायला कोट्यवधी वर्षं लागली. ती मोडायला एक काडी पुरते. हे मुलांना सांगायला कुठलं वेगळं पर्यावरणाचं भाषण लागत नाही, बीजप्रसाराचा पाठच पुरेसा आहे.

९. वर्गात करून पाहू

अ) शंकूची उघडमीट. कुणी सिमला-मनालीहून आणलेला किंवा सजावटीच्या दुकानातला चीडाचा शंकू मिळाला तर उत्तम. रंग किंवा चकाकी लावलेला नको. उघडा शंकू पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. तासा-दोन तासांत तो मिटू लागेल. मग उन्हात ठेवा आणि उघडायला किती वेळ लागतो ते मुलांना लिहू द्या. शंकू नसेल तर मोरपंखीचे मिटलेले तपकिरी शंकू किंवा सुरूची मिटलेली बोंडं झाडावरून काढून कागदावर उन्हात ठेवा, ती उघडून बिया बाहेर पडताना दिसतील. बिया भिंगातून पाहा. सुरूच्या बीला इवलासा पंख दिसेल, मोरपंखीच्या बीला नाही.

आ) पंखांची शर्यत. सारख्याच कागदाच्या १० सेंमी लांब आणि २ सेंमी रुंद पट्ट्या कापा. पहिल्या पट्टीच्या एका टोकाला, कोपऱ्यात, चिकणमातीची छोटी गोळी लावा. दुसऱ्या पट्टीच्या मधोमध तेवढीच गोळी लावून दोन्ही पंख सारखे वर उचला. दोन्ही एकाच उंचीवरून सोडा. कोणती फिरते? कोणती आधी पडते? पहिली फिरली नाही तर गोळी कमी-जास्त करून पाहा. प्रत्येक पट्टी दहा वेळा सोडून आकडे फळ्यावर लिहा. एकदा सोडून निष्कर्ष काढायचा नाही, हेही मुलं यातून शिकतात.

एखादं मूल दोन पात्यांचं कागदी भिरभिरं करून आणेल आणि म्हणेल, "माझं तर दोन पंखांचं असूनही फिरतं!" त्याला शाबासकी द्या. मग नीट पाहायला सांगा : त्याची पाती उलट दिशांना दुमडलेली आहेत. मॅनिफेराच्या दोन सारख्या पंखांना अशी दुमड नव्हती.

इ) रोपांची मोजणी. जुलैत एका जांभळाच्या किंवा ऐनाच्या बुंध्याशी एक मीटर लांब-रुंद चौकोन आखा आणि रोपं मोजा. वीस पावलांवर दुसरा चौकोन आखून तिथलीही मोजा. डिसेंबरात दोन्ही पुन्हा मोजा. शेकडा किती उरली ते पाचवीच्या मुलांना काढता येईल. गणिताचा तासही झाला.

ई) घरची माहिती. प्रत्येक मुलाने आजी-आजोबांना विचारून एका झाडाबद्दल तीन गोष्टी लिहून आणायच्या : बी कधी पिकते, कोण खातं, कुठे कुठे उगवलेली दिसते. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरांतून येणारी माहिती अनेकदा आपल्या पुस्तकापेक्षा जास्त असते. झाडाचं घरी बोललं जाणारं नावही तसंच लिहून घ्या, 'चूक' म्हणून खोडू नका.

१०. शब्द जपून वापरू

शेवटी आपल्या भाषेबद्दल. "झाड बी लांब पाठवण्यासाठी पंख तयार करतं" हे वाक्य आपल्या तोंडी बसलेलं आहे. त्याऐवजी म्हणून पाहा, "ज्या बियांना पंख होते त्या दूर पोचल्या, म्हणून त्यांची झाडं टिकली." फरक थोड्याच शब्दांचा आहे. पहिल्या वाक्यात झाडाला विचार करणारा माणूस केलं जातं. दुसऱ्यात काय घडलं ते सांगितलं जातं. प्राथमिक वर्गात उत्क्रांती हा शब्द वापरायची गरज नाही. पण हे दुसरं वाक्य कानावर पडलेलं मूल पुढे उत्क्रांतीच्या धड्यापर्यंत पोचेल, तेव्हा त्याला तो परका वाटणार नाही.

पालकांनाही एक विनंती. मुलाने रस्त्यावरून, रानातून बिया खिशात भरून आणल्या तर "कचरा आणलास" म्हणून फेकू नका. एक जुनी बरणी द्या, चिठ्ठीवर झाडाचं नाव आणि तारीख लिहायला लावा. हिस्लॉप आणि हंटर यांनी टाकळीला यापेक्षा फार वेगळं काही केलं नव्हतं. दिसलं ते उचललं, जपलं आणि कुठे सापडलं ते लिहून ठेवलं. त्यातूनच पुढच्या माणसाला पुढचा प्रश्न विचारता आला.

आपल्या शाळेच्या परिसरात कोणत्या बिया मिळाल्या, मुलांनी कोणते प्रश्न विचारले आणि पंखांच्या शर्यतीत कोणते आकडे आले, हे जरूर कळवा.